बारवपुऱ्याचा लांब मांडव

बातमी आली ती पोस्टकार्डावर. औरंगाबादच्या कॉलेजात परीक्षा तोंडावर आलेली, आणि मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून काहीतरी पाठ करत होतो. कार्डावरचं अक्षर आमच्या गल्लीतल्या रंगनाथ मुन्शींचं होतं, कारण माझ्या माय-बाबांना लिहिता येत नाही. ‘किसनतात्या आज सकाळी गेले. दोन दिवस अंगात कणकण होती, एवढंच. परीक्षा टाकून येऊ नको असं तुझे बाबा सांगतात. तात्यानंही तेच सांगितलं असतं.’ वर कोपऱ्यात तारीख दोनदा घातलेली... एकदा कचेरीची, एकदा पंचांगाची तिथी. मुन्शी गेली सहा वर्षं प्रत्येक पत्रावर अशी दुहेरी तारीख घालतात. ते का, हे सांगायचं तर मला माझी एक चूक सांगावी लागेल. ती किसनतात्याला ठाऊक होती आणि मला. आता तो गेला, तर ती एकट्यानं सांभाळून ठेवणं मला बरं वाटत नाही. मला छापण्यासाठी लिहायची सवय नाही. जसं आठवतं तसं लिहितो.

बारवपुरा म्हणजे जुन्या जालन्याच्या वेशीबाहेरची आमची वस्ती. एक गल्ली, दोन्ही अंगांनी मिळून अठरा-वीस घरं, एका टोकाला दगडी बारव आणि दुसऱ्या टोकाला वेशीकडे जाणारा रस्ता. शहरातले लोक म्हणायचे, ‘तो कसला पुरा, ते तर खेडं.’ आणि आमच्यासारखे खेड्यातून आलेले लोक म्हणायचे, ‘हे बगा, शहर!’ आम्ही जाफराबादकडचे. बाबांना इथल्या कापसाच्या जिनात काम मिळालं म्हणून मी सहा वर्षांचा असताना आम्ही बारवेजवळच्या शेवटच्या घरात राहायला आलो. त्या दिवशी मायनं चूल मांडायच्या आधीच तीन घरांतून भाकरी आल्या, चौथ्या घरातून पिठलं आलं, आणि कुठलं ताट कुणाचं हे लक्षात ठेवता ठेवता ती रडकुंडीला आली. तेवढ्यात दारात एक उंच, हडकुळा माणूस येऊन उभा राहिला. चष्म्याची एक काडी गायब, तिच्या जागी दोरा कानाला गुंडाळलेला.

“वैनी, एक फडकं द्या,” तो म्हणाला. “जुनं चालंल, पण अंगावर वापरलेलं पाह्यजे. कोरं घेत न्हाई आपण.”

तो किसनतात्या शिंपी. आणि ते फडकं हवं होतं पुऱ्याच्या मांडवासाठी. आमच्या गल्लीत लग्नाला भाड्याचा मांडव कुणी आणत नसे. पुऱ्याचा एकच मांडव होता, घराघरातल्या कापडाचा जोडलेला. कुणाच्या लुगड्याचा पदर, कुणाचं धोतर, कुणाच्या सोलापुरी चादरीचा निम्मा भाग. नवं घर वस्तीला आलं की त्याचं एक कापड तात्या त्यात जोडायचा आणि मग ते घर पुऱ्यातलं झालं, असं मानायचे. मायनं तिच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दिला. तात्यानं तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, “झ्याक. आता तुमच्या पोरीच्या लग्नाला दारावर समद्या पुऱ्याची सावली पडंल.” अक्का तेव्हा नऊ वर्षांची होती. ती लाजून आत पळाली, आणि माय त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

तात्याचं दुकान म्हणजे त्याच्या घराची पुढची खोली. तिथं मशीन कमी चालायचं आणि तोंड जास्त. माप टेपनं घ्यायच्या आधीच तो नजरेनं सांगायचा. माझ्या बाबांचं माप घेताना एकदा म्हणाला, “तुजी छाती चौतीस, पण भ्यायची सवय बेचाळीस. सदरा कोणत्या मापानं शिवू?” बाबा खरोखरच भिडस्त होते. जिनातल्या मुकादमासमोर, सावकारासमोर, एवढंच काय, भाजीवाल्या बाईसमोरही ते मान खाली घालून बोलायचे. एकच गोष्ट ते मान वर करून सांगत, की माझा दिगू शाळेत जातो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. कचेरीचा आणि शाळेचा सगळा कारभार तेव्हा उर्दूत चालायचा, आणि बाबा मला ओट्यावर मोठ्यानं वाचायला बसवत. शब्द त्यांना कळत नसत, पण शेजारच्यांना ऐकू गेलं की त्यांना फार समाधान वाटे.

मी चौदा वर्षांचा असताना अक्काचं लग्न तीर्थपुरीला ठरलं. मुलगा चांगला, घरची शेती चांगली, पण मुलाचा चुलता मोठा चौकस होता. साखरपुड्यालाच त्यानं बाबांना विचारलं, “शहरात तुमचं हाय कोण? भाड्याच्या घरात राह्यता, मागं-पुढं कोणी दिसून न्हाई राह्यलं. उद्या काही कमी-जास्त झालं तर उभं कोण राहील?” बाबांची मान खाली गेली. मग माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ते पाहुण्यासमोर नीट बोलले. म्हणाले, “लग्नाला या. माझ्या दारात पुऱ्याचा मांडव पडंल. तुमच्या डोळ्यानंच बगा कोण हाय ते.” वैशाख शुद्ध त्रयोदशी ठरली. बाबा त्याच संध्याकाळी तात्याला सांगून आले. मांडव आमचा झाला.

चार-पाच दिवसांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाचे रंगनाथ मुन्शीही तात्याकडे आले. त्यांच्याही मुलीचं लग्न ठरलं होतं. मुन्शी मूळचे आमच्यासारखेच शेतकरी घरातले, पण तहसिलीत लेखणी धरल्यापासून त्यांच्या घरात एकादशीसुद्धा तारखेनं यायची. ते म्हणाले, “तात्या, खुर्दादची पंचवीस. मांडव पक्का समजायचा ना?” खुर्दाद हा सरकारी वर्षाचा महिना. तात्याचं सगळं आयुष्य तिथीवर गेलेलं. मुन्शींसमोर अडाणीपणा कशाला दाखवायचा, म्हणून तो ‘बराबर’ म्हणाला, आणि ते गेल्यावर त्यानं मला हाक मारली.

“दिगू, तू शाळा शिकून राह्यला ना? मंग सांग, खुर्दादची पंचवीस म्हंजे आपली कोणती तिथी?”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढा मोठा माणूस मला विचारतोय. मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या भिंतीवरची जंत्री पाहिली. तिच्यात सरकारी तारीख, तिथी, चंद्र, सगळं शेजारी-शेजारी छापलेलं असे. पंचवीस खुर्दादसमोर होती वैशाख शुद्ध द्वितीया. मी धावत येऊन सांगितलं, “अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी!”

“म्हंजे तुझ्या अक्काच्या अकरा दिवस आधी,” तात्या बोटं मोजत म्हणाला. “मंग काय, भरपूर. मुन्शीचं उरकलं की तुमच्या दारात.” त्यानं माझी पाठ थोपटली. “तुझ्या बापाला सांग, पोरगं कामाचं निघालं.”

ते मी बाबांना सांगितलं नाही, पण ते गल्लीतून त्यांच्यापर्यंत पोचलंच...

द्वितीयेच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, तात्या बांबू, सुतळी आणि चार गडी घेऊन मुन्शींच्या दारात गेला. मीही एक बांबू धरून होतो. दोन खड्डे खणून झाले तेव्हा मुन्शींची बायको बाहेर आली. कंबरेवर हात ठेवून पाहत राहिली आणि म्हणाली, “कामून हो तात्या, आमच्या दारात झाडं लावता काय?”

“मांडव हाय, वैनी.”

“आत्ता? अजून हळद दळली न्हाई, पापड लाटले न्हाईत...”

मुन्शी कचेरीतून जेवायला आलेच होते. “तात्या, लग्न पंचवीसला आहे.”

“हाव, म्हंजे परवाच.”

“परवा चौदा आहे! पंचवीस म्हणजे अजून तेरा दिवस.”

तेरा दिवस. गल्लीत उभ्या असलेल्या बायांपैकी एकीनं तिथंच बोटांवर मोजलं आणि ती मोठ्यानं बोलून गेली, “अगं बया, ती तर त्रयोदशी! सरूच्या लग्नाचा दिवस!” सरू म्हणजे आमची अक्का.

माझ्या हातातला बांबू जड झाला. शाळेतली ती जंत्री मला डोळ्यांसमोर दिसली... तिचं पहिलं पान फाटलेलं होतं. कुठल्या वर्षाची ते पाहायचं मला सुचलंच नव्हतं. ती गेल्या वर्षीची होती. तारीख जागेवरच राहिली आणि वर्षभरात तिथी अकरा दिवस पुढं सरकली, एवढा साधा हिशेब, आणि मी शाळा शिकलेला. तेवढ्यात बाबाही तिथं येऊन पोचले होते. कुणीतरी विचारलं, “तात्या, ही तिथी तुला सांगितली कोणी?”

तात्यानं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. आणि मग स्वतःचे दोन्ही पंजे वर धरून म्हणाला, “सांगंल कोण? म्या याच्यावर मोजलं. बोटं बी म्हातारी झाली राव, मधली दोन गाळून टाकतेत.”

लोक हसले. मी हसलो नाही. त्या दिवशी घरी जेवलोही नाही. पण बोललो नाही, हे खरं. मला भीती होती की बाबा म्हणतील, शिकून हाच उपयोग असेल तर चल जिनात. बाबा तसं म्हणाले असते की नाही, मला आजही ठाऊक नाही. पण त्या दिवशी ते ओट्यावर बसून मायला हळूच म्हणत होते, “मुन्शी मोठा माणूस. त्याला कसं न्हाई म्हनावं? आपण घेऊ निंबाच्या फांद्या, टाकू दारात. तीर्थपुरीचे काय म्हनतेत ते म्हनू द्या.” अक्का आत भांडी घासत होती, आणि भांड्यांचा आवाज एकदम थांबला, तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या टेप घेऊन गल्लीत उतरला. आमच्या दारापासून मुन्शींच्या दारापर्यंत तो गल्ली मापत गेला, वाकून, मधूनमधून कंबर धरत. पोरं मागं, म्हातारे ओट्यांवर. “तात्या, गल्लीला सदरा शिवतो का?” कुणी विचारलं. “शिवतो की, बटणं तू दे,” तो म्हणाला. मग त्यानं सगळ्यांना बारवेपाशी बोलावलं. मांडव रुंद होता, अंगणासकट गल्ली झाकेल एवढा. तो मधोमध उसवायचा आणि दोन्ही भाग लांबीनं एकमेकांना जोडायचे. रुंदी निम्मी होईल, पण लांबी दुप्पट. एका टोकाला मुन्शीचं दार, दुसऱ्या टोकाला आमचं. एक मांडव, दोन लग्नं.

लग्नाच्या तोंडावर मांडव उसवायचा? अपशकुन! मुन्शीही घुटमळले. तात्याचा चेहरा उतरला. तेव्हा भागूमावशी उठली. पुऱ्यातली सर्वांत जुनी बाई, मांडवातला पहिला तुकडा तिच्या घरचा. ती म्हणाली, “उसवायचं पाप लागतं का? मंग पहिलं मला लागू द्या. मला तसं बी जल्दी जायचंय. आन ती कातर.” आणि तिनं स्वतःच्या तुकड्याची शिवण स्वतः कापली.

त्यानंतरचे दहा दिवस मी कधी विसरणार नाही. जेवणं उरकली की प्रत्येक घरची बाई आपल्या घराचा तुकडा धरून तात्याच्या खोलीत, ओट्यावर, बारवेच्या पायऱ्यांवर बसायची. सगळं कापड गल्लीभर पसरलेलं, त्यावरून कोंबड्या चालताहेत, पोरं खालून सरपटताहेत, आणि तात्या सगळ्यांवर ओरडतोय, “बारीक टाका घाला, बाई! ह्या टाक्यातून तर बैल जाईल!” मलाही त्यानं सुई दिली. माझ्याशी तो जंत्रीबद्दल एक अक्षर बोलला नाही. नुसतं शिवायला शिकवलं. सगळं जोडून झाल्यावर ताणून पाहिलं, तर आमच्या टोकाला कापड कमी पडलं. दहा-बारा हात. बाबांनी घरात जाऊन लग्नासाठी आणलेला नवा फेटा आणला आणि तात्यासमोर धरला. तात्या म्हणाला, “कोरं घेत न्हाई आपण.” तेव्हा बाबांनी तो तिथंच डोक्याला बांधला, भर उन्हात गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आले, सोडला आणि म्हणाले, “आता वापरलेला हाय.” टाळ्या काय, शिट्ट्या काय! मुन्शी हे पाहत होते. ते घरी गेले आणि आपला केशरी फेटा घेऊन आले. तोही त्यांनी आधी बांधला, गल्लीभर चालून आले.

त्रयोदशीला दोन्ही टोकांनी दोन वराती आल्या. दोन वाजंत्र्यांची मधे गाठ पडली आणि त्यांच्यात अशी चढाओढ लागली की मंगलाष्टकं कुणालाच ऐकू गेली नाहीत. दोन्हीकडच्या अक्षता एकमेकांच्या नवरा-नवरीवर पडल्या. मुन्शींचे पाहुणे आमच्या पंगतीत जेवले, आमचे चार म्हातारे तिकडं लाडू खाऊन आले आणि पुन्हा इकडं बसले. तीर्थपुरीचा चुलता मान वर करून मांडव पाहत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. मग बाबांकडं वळला.

“येवढा मांडव तुमच्या एका पोरीसाठी? आन व्याही, तुमच्या डोक्यावर फेटा कसा न्हाई?”

बाबांना खोटं बोलता येत नाही. ते सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी उभे असलेले मुन्शी, तेही बोडकेच, वर बोट दाखवून म्हणाले, “फेटा तिथं आहे. पांढरा त्यांचा, केशरी माझा. आणि पोरगी एकाची नाही, पुऱ्याची आहे. अजून काही विचारायचंय?”

चुलत्यानं बराच वेळ वर पाहिलं. मग स्वतःचा फेटा जरा सावरला आणि म्हणाला, “न्हाई. बसा, पान खाऊ.”

तेव्हापासून बारवपुऱ्याचा मांडव लांबच पडतो. लग्न एका घरचं असलं तरी तो गल्लीभर असतो. आणि तेव्हापासून एक गोष्ट तात्यानं कधी सोडली नाही. कुठलंही लग्न ठरलं, कुठलीही सरकारी तारीख आली, की तो सगळ्यांदेखत मलाच विचारायचा, “दिगू, मोजून सांग बरं.” मुन्शी शेजारी बसलेले असले तरी मलाच. मी तीन-तीनदा मोजायचो, जंत्रीचं वर्ष पाहायचो. कॉलेजात गेल्यावर सुट्टीत घरी आलो की तो पहिल्या दिवशीच यायचा. यंदा होळीला गेलो होतो तेव्हाही आला. शेजारच्या गोदीच्या लग्नाला किती दिवस राहिले, ते विचारून गेला. मी मोजून सांगितलं, बावन्न. ती आमची शेवटची भेट.

परीक्षा संपवून मी घरी पोचलो तेव्हा तात्याला जाऊन तीन आठवडे उलटले होते. गल्लीत मांडव उन्हाला घातलेला होता, गोदीच्या लग्नासाठी. बाबा, मुन्शी, चार बाया टाके तपासत बसलेले. मी त्यांच्यात बसलो आणि कसं कोण जाणे, पण सगळं सांगून टाकलं. जंत्री, फाटलेलं पान, तात्याची बोटं... मुन्शींनी चष्मा काढला. मला वाटलं, आता रागावतील.

“म्हणजे लांब मांडव तुझ्यामुळं झाला?” ते म्हणाले. “आणि सहा वर्षं आम्ही तात्याच्या नावानं खडे फोडले!” आणि ते हसू लागले, ते खोकला येईपर्यंत. बाबा मात्र माझ्याकडं पाहत राहिले. “मंग त्या दिवशी तू जेवला न्हाईस, ते याच्यापायी व्हय? मी म्हनलं, पोराला ऊन लागलं.” संध्याकाळपर्यंत ही बातमी बारवेपासून वेशीपर्यंत पोचली. जो तो मला अडवून विचारायचा, “काय रे, आज तिथी कोणती? यंदाची सांग, मागच्या वर्षीची नको!” गोदीसुद्धा नवरीसारखं लाजायचं सोडून दारातून ओरडली, “दिगूदादा, माजं लगीन झालं का व्हायचंय?”

मग रखमाकाकूनं, तात्याच्या बायकोनं, मला आत बोलावलं. मशीनवर फडकं टाकलेलं होतं. तिनं दाराच्या मागची भिंत दाखवली. तिथं शिंप्याच्या खडूनं ओढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यांनी. मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. काकू म्हणाली, “तू दिवस सांगायचा, की हे येऊन तितक्या रेघा वढायचे. रोज सकाळी एक पुसायची, तवा च्या प्यायचे. म्या म्हनायची, मुन्शीला एकदा इचारून घ्या. तर म्हनायचे, दिगूनं मोजलंय, आता इचारायचं कशाला?”

मी रेघा मोजल्या. बत्तीस होत्या. ज्या सकाळी तो गेला, त्या सकाळी पुसून राहिलेल्या. त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. तात्या गेल्यापासूनचे दिवस मी बोटांवर मोजले, मग मुन्शींच्या कार्डावरच्या दोन्ही तारखांवरून पुन्हा मोजले. तेवीस. मशीनवरचं फडकं घेऊन मी एकेक रेघ पुसू लागलो. काकू दाराला टेकून पाहत होती. बाहेर गल्लीत बायका हसत होत्या, कापड झटकल्याचा आवाज येत होता.

“किती राह्यल्या?”

“नऊ.”

“बराबर?”

मी पुन्हा एकदा मोजल्या.

“बराबर, काकू.”

ती च्या ठेवायला गेली.